सीमॉय, ओटू आणि तंबोऱ्यामागची सुस्स

पोर्टेबल हेडफोन ॲम्पबद्दल (फोन आणि हेडफोनच्या मध्ये लावायच्या, आवाज वाढवणाऱ्या डबीबद्दल) कुणी "स्टेज खुलला, गळा पुढे आला, बेस मखमली झाला" असं लिहिलं की मला आधी एकच विचारावंसं वाटतं: दोन्ही वेळा आवाज सारखा ठेवला होता का? एखाद्या डेसिबलने वाढलेला आवाज कानाला मोठा वाटत नाही, नुसता छान वाटतो. आणि ११ गेनचा, म्हणजे सिग्नल ११ पट करणारा, ॲम्प मध्ये घातल्यावर फरक एका डेसिबलवर थोडाच थांबतो!

हा ११ चा आकडा सीमॉयचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चू मॉय यांनी इंटरनेटवर मांडलेलं सर्किट. ९ व्होल्टची एक बॅटरी, एक ड्युअल ऑपॅम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन भाग असलेली चिप (बहुतेक जण ओपीए२१३४ लावतात), मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर, आणि सगळं पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत. फीडबॅकला १० के (किलोओम) चा रेझिस्टर, ग्राउंडकडे १ के चा, म्हणून गेन ११ (१ + १०/१). आजचा साधा यूएसबी-सी डोंगल (फोनला हेडफोन जोडायचा छोटा ॲडॅप्टर) फुल आवाजाला १ व्होल्टच्या आसपास देतो. त्याचे ११ व्होल्ट करायला निघालेल्या ॲम्पकडे बॅटरी मात्र ९ चीच.

मग पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटण, सुरुवातीच्या पाव फेऱ्यातच ठेवावा लागतो, आणि स्वस्त ड्युअल पॉटचे दोन ट्रॅक नेमके तिथेच एकमेकांशी जुळत नाहीत. गायक मधून डावीकडे सरकतो. दुसरं म्हणजे ऑपॅम्पची स्वतःची खसखस पॉटच्या पुढे जन्माला येते, त्यामुळे आवाज कितीही कमी करा, ती अकरापट होऊन कायम. ख्यालाचं जुनं लाइव्ह रेकॉर्डिंग, दोन तंबोरे, गायक श्वास घेतोय, आणि संवेदनशील १६ ओमच्या आयईएममध्ये (कानात खोचायच्या इयरफोनमध्ये) जवारीच्या मागे बारीक सुस्स चालू. काही जण त्याला "एअर" म्हणतात. म्हणोत बापडे.

उपाय दोन रेझिस्टरांचा. दोन्ही चॅनलमधले १ के काढून ४.७ के लावा, गेन ३.१ वर येतो. सुस्स झपकन उतरते आणि पॉट मध्यापर्यंत फिरवायला मिळतो. यानंतर जे ऐकू येईल त्यावर मत द्यावं, आधी नाही.

आता बायाँ, म्हणजे तबल्याचा डग्गा. ओपीए२१३४ चा करंट ४० मिलिअँपिअरच्या आसपास संपतो. ३२ ओममध्ये तो जेमतेम सव्वा व्होल्टचं शिखर देतो. आयईएमला हे रग्गड आहे, पण कमी सेन्सिटिव्हिटीचा ३२ ओमचा प्लॅनर (सपाट पडद्याचा हेडफोन) लावून द्रुत तीनतालात समेवरचा "धा" ऐका. बायाँचा ठोका आधी बोथट होतो, मग त्याची घसीट फाटल्यासारखी येते. थोडीच फाटली तर लोक तिला उबदार म्हणतात, जास्त फाटली तर हेडफोनला शिव्या. ओटू या दुसऱ्या ॲम्पमध्ये हे होत नाही, कारण आउटपुटला एनजेएम४५५६ च्या दोन चिप्स आहेत आणि प्रत्येक चॅनलला दोन-दोन भाग समांतर जोडलेत. २०११ मध्ये एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने कुणीतरी हे डिझाइन मोजमापांसकट फुकट टाकलं आणि वर्षभरात तो माणूस गायबच झाला. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, म्हणजे हेडरूमही (आवाज न फाटता वाढायची जागाही) सीमॉयच्या दुप्पट. सेनहायझरच्या ३०० ओमच्या एचडी ६५० हेडफोनला १ व्होल्टवर १०३ डेसिबल मिळतात. रेकॉर्डिंगच हळू असेल तर डोंगल तिथे कमी पडतो आणि ओटूचा खरा उपयोग दिसतो. ओटूचा दोष एवढाच की तो खिशात मावत नाही. त्याला पोर्टेबल म्हणणं म्हणजे पेटीला पोर्टेबल म्हणण्यासारखं आहे.

"टोन बदलला" ही तक्रार मात्र नेहमी भ्रम नसते. आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे ॲम्पचा स्वतःचा आतला रोध, बघा. बॅलन्स्ड आर्मेचर प्रकारचा आयईएम एका फ्रिक्वेन्सीला ४० ओम आणि दुसरीकडे ८ ओम असेल, तर १० ओमच्या ॲम्पवर त्या दोन ठिकाणांत सुमारे ५ डेसिबलची तफावत पडते. ओटूच्या अर्ध्या ओमवर तीच ०.४. एचडी ६५० ला याच १० ओमने काही होत नाही. म्हणून एकाच ॲम्पबद्दल दोन माणसं अगदी उलट लिहितात आणि दोघंही खरं बोलत असतात.

ऑपॅम्प बदलून ऐकणाऱ्यांसाठी एक ताकीद. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एनई५५३२ सहज आणि स्वस्तात मिळतो, म्हणून तोच सीमॉयच्या सॉकेटमध्ये खोचू नका. त्याचा इनपुट बायस करंट (चिपच्या इनपुटच्या पायातून वाहणारा करंट) साधारण २०० नॅनोअँपिअर. तो इनपुटच्या १०० के रेझिस्टरमधून गेला की २० मिलिव्होल्ट, आणि ११ गेननंतर २२० मिलिव्होल्ट डीसी थेट हेडफोनवर. चालू करताना ठप्प असा आवाज येतो, पडदा एका बाजूला ओढलेला राहतो, आणि ४.७ के च्या दोन रेझिस्टरांवर उभं केलेलं व्हर्च्युअल ग्राउंड (बॅटरीच्या व्होल्टेजचा कृत्रिम मध्यबिंदू) सरकतं ते वेगळंच. कुठलाही ऑपॅम्प बदलला की हेडफोन लावायच्या आधी आउटपुटवर डीसी मोजा. २० मिलिव्होल्टच्या आत हवा. चिप हाताला गरम लागली आणि बॅटरी दोन-तीन तासांत बसली तर ती कानाला न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीला ऑसिलेट करतेय. पॉवरच्या पायांना चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आहेत का ते पाहा.

पत्र्याच्या डबीचाही एक सापळा आहे. हेडफोन जॅकची धातूची मान व्हर्च्युअल ग्राउंडवर असते. बाहेरून पॉवर द्यायला धातूचा डीसी जॅक लावला तर त्याचं अंग बॅटरीच्या मायनसवर. दोन्ही डबीला टेकले की अर्धा सप्लाय शॉर्ट. एक तरी जॅक प्लास्टिकचा घ्या. रिचार्जेबल बॅटरी घेताना "९ व्होल्ट" या छापावर जाऊ नका, आत सात सेल असतील तर ८.४ आणि सहा असतील तर ७.२ व्होल्ट निघतात. बायाँ फाटण्याची वेळ तेवढी अलीकडे येते.

तुलना करायचीच तर १०० हर्ट्झचा टोन वाजवा, हेडफोन जोडलेला असतानाच स्प्लिटरच्या (एका जॅकचे दोन करणाऱ्या तुकड्याच्या) दुसऱ्या टोकावर एसी व्होल्टेज मोजा आणि दोन्ही ॲम्प एक टक्क्याच्या आत आणा. एकाला ०.३०० व्होल्ट असेल तर दुसऱ्याला ०.२९७ ते ०.३०३. हजार हर्ट्झचा टोन नको, स्वस्त मीटर तिथे हमखास खोटं बोलतात. आणि तो पिवळा डीटी८३० मीटर यासाठी काढूच नका. त्याची सगळ्यात खालची एसी रेंज २०० व्होल्टची आहे, तुमचे दोन्ही ॲम्प तो ०.३ दाखवेल आणि तुम्ही खुशाल साउंडस्टेजवर लिहायला बसाल.