कार्बन डायऑक्साइड टाकीच्या तळाशी बसत नाही

मत्स्यटाकीतल्या झाडांसाठी घरच्या घरी कार्बन डायऑक्साइड रिॲक्टर, म्हणजे हा वायू पाण्यात विरघळवणारं नळकांडं, कसा चालवावा, असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. परवा तो भाच्याने मला पाठवला, तेही त्यातलं सगळं करून झाल्यावर! सकाळी त्याचे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होते. एअरस्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावला, अर्धं पाणी बदललं, तेव्हा कुठे सावरले.

मेसेज म्हणतो, हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून टाकीच्या तळाशी, झाडांपाशी बसतो. वरच्या माशांना धोका नाही. पंप मात्र बंद ठेवा, नाहीतर थर मोडेल.

अहो, हवेपेक्षा जड म्हणजे पाण्यापेक्षा जड नव्हे! पाणी या वायूच्या पाचशेहून अधिक पट जड आहे. बुडबुडा वर येतो तो त्यामुळेच; टाकीसमोर दोन मिनिटं बसलं तरी दिसतं. आणि एकदा विरघळला की तो पाण्याबरोबर जाईल तिथे जातो. स्थिर पाण्यात स्वतःहून सेंटिमीटरभर पसरायलाच त्याला काही तास लागतात. म्हणजे पंप बंद केला की रिॲक्टरचं कामच संपलं. रिॲक्टरच्या आत पंपामुळे पाणी वरून खाली ढकललं जातं, बुडबुडा वर जाऊ बघतो, आणि या ओढाताणीत बायोबॉलच्या, म्हणजे आत भरलेल्या प्लास्टिकच्या जाळीदार गोळ्यांच्या, फटींत अडकून मोहरीएवढा, मग खसखशीएवढा होत दिसेनासा होतो. खालून बाहेर पडलेलं पाणी टाकीभर फिरतं. मासा वर असो की तळाशी, त्याच्या कल्ल्यांतून तेच पाणी जातं.

दुसरा सल्ला, पृष्ठभाग हलू देऊ नका, वर प्लास्टिक ताणा. पाणी खळबळलं की वायू उडतो, एवढं खरं आहे, मान्य. पण ऑक्सिजन आत येतो तोही त्याच पृष्ठभागातून. रात्री झाडं ऑक्सिजन बनवत नाहीत, उलट तीही तोच वापरतात. भाच्याने नेमका तोच रस्ता बंद केला होता.

रिॲक्टरच्या डोक्याशी साचलेला वायू म्हणजे न विरघळलेला कार्बन डायऑक्साइड, हे मेसेजमधलं विधानही अर्धवट. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम हेन्रीने १८०३ मध्येच दाखवलं की वायू किती विरघळणार हे त्याच्या दाबावर ठरतं. ताज्या बुडबुड्यात नायट्रोजन जवळपास नसतोच, त्यामुळे पाण्यातला नायट्रोजन आणि ऑक्सिजन त्यात शिरतात. कार्बन डायऑक्साइड निघून जातो, हे मागे उरतात. तो साठा अधूनमधून बाहेर सोडायचा असतो.

आणि मेसेजचा शेवटचा सल्ला: ज्या बाटलीत यीस्ट साखरेपासून हा वायू बनवतं, तिची नळी रात्री वायू वाया जाऊ नये म्हणून चिमट्याने बंद करायची? हे भयंकर आहे. साखर आहे तोवर यीस्ट थांबत नाही; दाब वाढत जाऊन बाटली फुटू शकते. रात्री नळी टाकीबाहेर काढून तोंड उघडं ठेवायचं. भाच्याचा चिमटा मी फोनवरच, तिथल्या तिथे काढायला लावला.