‘लॉस्ट’चे प्रवासी पहिल्याच दिवशी मेले होते म्हणे!

‘लॉस्ट’ ही अमेरिकी टीव्ही मालिका २०१० मध्ये संपली, तरी एक दावा अजून फिरतोच आहे. ओशॅनिक ८१५ विमान एका अनोळखी बेटावर कोसळलं तेव्हाच सगळे गेले, बेट म्हणजे मेल्यानंतर थांबायची जागा, आणि सहा सीझनचा खटाटोप नुसत्या आत्म्यांचा. मालिका न पाहिलेलेही हे छातीठोकपणे सांगतात. (पुढे शेवट उघड केलाय. पाहायची असेल तर इथेच थांबा.)

पहिला पुरावा देतात तो शेवटच्या भागातल्या चर्चचा. तिथे जमलेले सगळे मेलेले आहेत, हे खरंच. पण मालिकेचा नायक, प्रवाशांपैकीच एक असलेल्या जॅकचे वडील त्याला काय सांगतात? तुझ्या आयुष्यात जे घडलं ते सगळं खरं होतं. यातले काही तुझ्या आधी गेले, काही तुझ्यानंतर खूप काळाने. मरणोत्तर आहे ती सहाव्या सीझनमधली समांतर गोष्ट, जिच्यात विमान सुखरूप लॉस एंजेलिसला उतरतं. बेट नव्हे. जॅक बांबूच्या रानात पडून मरतो तेव्हा त्याच्या डोक्यावरून केट आणि सॉयर या सहप्रवाशांना घेऊन विमान निघून जातं. मागे हर्ली हा प्रवासी बेटाचा राखणदार होतो, बेटावर आधीपासून राहणारा बेन त्याचा मदतनीस, आणि चर्चबाहेर दोघं एकमेकांच्या त्या कामाचं कौतुक करतात. पहिल्याच भागात मेले असतील तर हे काम केलं कधी? बेन तर त्या विमानातही नव्हता!

दुसरा पुरावा म्हणजे श्रेयनामावलीमागे दिसणारे समुद्रकिनाऱ्यावरचे विमानाचे अवशेष. माणूस एकही नाही, म्हणजे कोणी वाचलंच नाही! ती दृश्यं एबीसी वाहिनीने घातली होती, शेवटच्या प्रसंगावर थेट जाहिरात आदळू नये म्हणून. लेखकांच्या गोष्टीचा तो भाग नव्हताच, हे मालिकेचे मुख्य लेखक लिंडेलॉफ आणि क्यूज यांनी नंतर सांगितलंय. याला म्हणतात सुतावरून स्वर्ग गाठणं.

तिसरा मुद्दा जरा बरा आहे. तिसऱ्या सीझनमध्ये बाहेरून बेटावर आलेली नेओमी सांगते, की विमान समुद्रतळाशी सापडलं आणि सगळे मृत आहेत. पण पुढच्याच सीझनमध्ये लॅपिडस, त्या विमानाच्या पायलटला ओळखणारा वैमानिक, टीव्हीवर पाण्यातला ‘पायलट’चा मृतदेह बघतो आणि हातात लग्नाची अंगठी नाही म्हणून ओळखतो, की हा तो नव्हेच. अवशेष बनावट होते आणि ते तिथे नेऊन टाकणारा विडमोर हा बेटाच्या मागे लागलेला धनाढ्य होता.

आणि डेझमंडचं काय करायचं? तोही त्या विमानात नव्हता, शिडाच्या होडीतून येऊन बेटावर अडकलेला. बेटावरच्या भुयारी ठाण्यात ठरावीक वेळाने दाबायचं बटण त्याने वेळेवर दाबलं नाही म्हणून तर विमान पडलं. त्याचं मन १९९६ आणि २००४ मध्ये हेलकावे खातं, तेव्हा तो १९९६ मधल्या पेनीला, म्हणजे त्याच्या प्रेयसीला, गळ घालतो: नंबर बदलू नकोस, आठ वर्षांनी नाताळच्या आदल्या संध्याकाळी फोन करीन. २००४ मध्ये बेटाजवळच्या एका जहाजावरून फोन लागतो आणि पेनी उचलते. आता हाही आत्म्यांचा खेळ म्हणायचा, तर पेनी कधी मेली तेवढं सांगा.

आता दोष लेखकांचाही. ‘बेट म्हणजे परगेटरी (ख्रिस्ती कल्पनेत मेल्यावर आत्म्यांनी थांबायची जागा) नाही’ असं वर्षानुवर्षं सांगायचं आणि शेवटच्या सीझनमध्ये जवळपास तशीच जागा आणून ठेवायची, म्हटल्यावर घोटाळा होणारच.

मला राग येतो तो वेगळ्याच कारणाने. ‘सगळे मेलेले’ म्हटलं की पाचव्या सीझनमधला कालप्रवास फुकटच गेला. २००७ मध्ये बेटावरचा, कधीच म्हातारा न होणारा रिचर्ड हा लॉक नावाच्या प्रवाशाच्या हातात एक होकायंत्र ठेवतो. लॉक कालप्रवासात १९५४ ला फेकला जातो आणि तेच रिचर्डला देतो. रिचर्ड ते जपून ठेवतो आणि २००७ मध्ये पुन्हा लॉकला. मग ते बनवलं कोणी? आणि दर फेरीला ते त्रेपन्न वर्षांनी जुनं व्हायला हवं, तर आतापर्यंत गंजून भुगा कसं झालं नाही? डोकं यावर खपवा की!