‘पीएरर लिहिला की काम झाले’ या दाव्याचा प्रतिवाद

नाशिकमधील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्ये सध्या एक छोटा मजकूर हातोहात फिरतो आहे. सी भाषेतील सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेली कामाची मागणी, फसल्यास काय करावे, याचे चार नियम त्यात दिले आहेत (एरनो म्हणजे चुकीचा क्रमांक ठेवणारे चल, आणि पीएरर म्हणजे आपण दिलेल्या शब्दापुढे त्या चुकीचे वर्णन छापणारे फंक्शन): ‘प्रत्येक कॉलनंतर एरनो पाहा, तो शून्य नसेल तर कॉल फसला. फसला की आधी आपला मजकूर छापा आणि मग पीएररला कॉलचे नाव द्या. नेमके कारण ऑपरेटिंग सिस्टिम सांगतेच. फाइलचे नाव, पोर्ट वगैरे छापू नका, ते सुरक्षिततेला घातक आहे. यापेक्षा जास्त लिहिलेले कोणी वाचत नाही.’ या चारपैकी एकही नियम जसाच्या तसा स्वीकारण्याजोगा नाही. सर्वाधिक नुकसान दुसऱ्या नियमाने होते, म्हणून सुरुवात त्यापासून करतो.

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष शीतगृहासाठी मी तापमान नोंदवणारा लहानसा प्रोग्रॅम लिहिला होता. ऐन हंगामात रात्री साडेदहाला तिथल्या ऑपरेटरचा फोन आला: ‘सर, पडद्यावर ओपन, परमिशन डिनाइड एवढंच येतंय.’ तो प्रोग्रॅम सुरू होताना सेटिंगची फाइल, सेन्सरचा सिरियल पोर्ट आणि नोंदींची फाइल अशा तीन गोष्टी उघडत असे आणि तिन्ही ठिकाणी पीएररला मी ‘ओपन’ हाच शब्द दिलेला होता. नाशिकहून सुमारे ३० किलोमीटर गाडी चालवत गेल्यावर कळले की, संगणक बदलताना नवे लॉगिन तयार केले गेले होते आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकारात सिरियल पोर्ट ज्या ‘डायलआउट’ गटाकडे असतो, त्या गटात ते लॉगिन घातलेच नव्हते. संदेशात पोर्टचे नाव असते, तर एक आज्ञा आणि पुन्हा एकदा लॉगिन, एवढ्यावर हे काम फोनवरच मिटले असते. त्या रात्रीची चूक सर्वस्वी माझी होती.

ऑपरेटिंग सिस्टिम ‘नेमके कारण’ सांगते हे गृहीतकच चुकीचे आहे. लिनक्समध्ये फसलेल्या कॉलमधून कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, −१ ते −४०९५ या टप्प्यातील एक ऋण संख्या परत करते. सी लायब्ररी तिचे चिन्ह बदलून ती एरनोमध्ये ठेवते आणि आपल्या हाती −१ देते. कर्नलकडून येते ती एवढी एक संख्या, आणि तिच्यात ना फाइलचे नाव असते, ना मार्गातील कोणता टप्पा अडला हे असते. एरनो १३, म्हणजे ‘परमिशन डिनाइड’, हा फाइलवरील परवानगीमुळे येतो तसाच तिच्यापर्यंत जाणाऱ्या कुठल्याही वरच्या डिरेक्टरीत शिरण्याची परवानगी नसल्यामुळेही येतो. एरनो २, म्हणजे ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’, याची गंमत आणखी वेगळी आहे. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर थेट चालवायला गेले की पहिल्या ओळीच्या शेवटी राहिलेले न दिसणारे अक्षर त्या ओळीतील इंटरप्रिटरच्या, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, नावाला चिकटते, त्या नावाचा इंटरप्रिटर सापडत नाही आणि स्क्रिप्ट डोळ्यांसमोर असताना ‘अशी फाइल नाही’ असा संदेश येतो. एरनो २८ डिस्क भरल्यावर येतो हे सर्वांना ठाऊक असते, पण असंख्य बारीक फाइलींमुळे आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदीच्या जागा, संपले तरी तोच येतो, आणि फाइलींतील बदल कळवणाऱ्या इनोटिफायने किती ठिकाणी लक्ष ठेवायचे याची मर्यादा ओलांडली तरीही तोच येतो, जेव्हा डिस्क अर्धी रिकामीसुद्धा असू शकते.

म्हणून आपण काय करत होतो, कशावर करत होतो आणि कशासाठी करत होतो, ही माहिती प्रोग्रॅमनेच पुरवली पाहिजे, कारण ती दुसऱ्या कोणाकडेही नसते. ‘सेन्सरचे आकडे वाचण्यासाठी अमुक पोर्ट वाचन-लेखनासाठी उघडता आला नाही’ असे म्हणून त्यापुढे कारण द्यावे. मार्ग सापेक्ष असेल, तर चालू डिरेक्टरीही छापावी. लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीतून सुरू होणारी सेवा वेगळे काही सांगितले नसेल तर मूळ (रूट) डिरेक्टरीत उभी असते आणि आपल्या फोल्डरमध्ये बिनतक्रार चालणारा प्रोग्रॅम तिथे गेल्यावर स्वतःचीच सेटिंग फाइल शोधत बसतो. संदेशाबरोबर एरनोचा आकडाही द्यावा, कारण मजकूर लोकेलनुसार, म्हणजे भाषेच्या सेटिंगनुसार, बदलू शकतो, आकडा त्याने बदलत नाही.

आता पहिला नियम. सी भाषेचे प्रमाण (स्टँडर्ड) सांगते की प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एरनो शून्य असतो आणि त्यानंतर कोणतेही लायब्ररी फंक्शन तो शून्य करत नाही. यशस्वी झालेले फंक्शन मात्र त्यात काहीतरी मागे ठेवू शकते. त्यामुळे आधी परत आलेले मूल्य पाहायचे, ते अपयश दाखवत असेल तरच एरनोकडे वळायचे. याला थोडे अपवाद आहेत. डिरेक्टरीतील नावे एकेक करून देणारे रीडडिर यादी संपल्यावरही नल, म्हणजे रिकामा पत्ता, देते आणि चुकीवरही नल देते, म्हणून तिथे कॉलच्या आधी एरनो आपणच शून्य करून ठेवावा लागतो. उलट नवा थ्रेड तयार करणारी पीथ्रेड क्रिएट चूक दाखवणारा आकडा थेट परत करते आणि एरनोला हात लावण्याची तिच्यावर सक्ती नाही. तिच्यामागे पीएरर लिहिणाऱ्याला ‘थ्रेड तयार झाला नाही: सक्सेस’ असा विनोद वाचायला मिळू शकतो. नेटवर्कचे पत्ते शोधणाऱ्या गेटॲडरइन्फोचे तर संकेतही वेगळे आणि त्यांचा अर्थ सांगणारे फंक्शनही वेगळे.

दुसऱ्या नियमातला क्रमही घातक आहे. आधी प्रिंटएफने आपला मजकूर छापायचा आणि मग पीएरर बोलवायचा, असे केल्यास मधल्या प्रिंटएफमुळे एरनो बदलू शकतो. काही जुन्या सी लायब्ररींत आउटपुट फाइलकडे वळवलेले असताना, समोर टर्मिनल आहे का हे लायब्ररी तपासून पाहत असे आणि एरनोमध्ये २५ मागे राहत असे. मग फाइल न सापडल्याच्या जागी ‘इनॲप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस’ असा भलताच संदेश छापला जाई. जुन्या युनिक्समध्ये याच चुकीचे वर्णन ‘हा टाइपरायटर नव्हे’ असे होते, ते निदान हसवत तरी असे. कॉल फसल्याबरोबर एरनो एका स्थानिक चलात उतरवून घेतला, की हा प्रश्न उरत नाही.

सुरक्षिततेच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण तो अर्धाच सांगितला आहे. सर्व्हरने जालावरच्या अनोळखी माणसाला आतले मार्ग दाखवू नयेत हे बरोबर. मात्र त्यासाठी लॉगमधून ते काढून टाकण्याचे कारण नाही. बाहेर त्रोटक संदेश, आत पूर्ण नोंद, एवढेच करायचे असते. फाइलच्या नावात नवी ओळ किंवा नियंत्रण-अक्षरे असू शकतात, तेव्हा नाव अवतरणचिन्हांत घालून आणि अशी अक्षरे बदलून छापावे.

राहिला ‘कोणी वाचत नाही’ हा आक्षेप. शीतगृहातल्या ऑपरेटरने पडद्यावरचे अक्षर न् अक्षर वाचून दाखवले होते. त्यात वाचण्यासारखे काही मी ठेवले नव्हते. हा आक्षेप घेणाऱ्यांचा रोख बहुधा अंदाजांनी भरलेल्या संदेशांवर असतो, आणि तिथे मी त्यांच्याशी सहमत आहे. कॉल फसल्यानंतर प्रोग्रॅमने स्टॅट करून, म्हणजे फाइलची माहिती विचारून, कारण शोधले, तर दोन्हींच्या मधल्या क्षणात परिस्थिती बदललेली असू शकते, म्हणून असा निष्कर्ष ‘शक्यता’ म्हणून वेगळ्या ओळीत द्यावा, खात्रीचे कारण म्हणून नव्हे. याच कारणाने ओपनच्या आधी ॲक्सेस या कॉलने परवानगी तपासण्यातही अर्थ नाही. सरळ उघडून पाहावे आणि फसल्यास सांगावे. प्रत्येक ठिकाणी एवढे लिहिणे जड वाटत असेल, तर दहा-बारा ओळींचे एकच फंक्शन करून सगळीकडून तेच बोलवावे, फक्त एरनो उतरवून घेणे ही त्याची अगदी पहिली ओळ असावी.