सामान सहा हजारांचं आणि पूड मात्र कुठलीही?

ऊन तापायला लागलं की कोल्हापुरात आमच्या राजारामपुरीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक यादी फिरायला लागते. घरी कोल्ड ब्रू, म्हणजे गार पाण्यात भिजवून केलेली कॉफी, करायचीय? मग आत जाळी असलेलं खास भांडं, भारीतला ग्राइंडर, बाटलीबंद पाणी आणि व्हॅनिला सिरप घ्या. सगळं मिळून सहा हजार. पूड मात्र 'घरात असेल ती चालेल'. वर दोन आश्वासनं: जितके जास्त तास भिजेल तितकी भारी, आणि हिच्यात आम्ल नसतं, पित्तवाल्यांनीही बिनधास्त प्यावी.

यादी उलटी लिहिलीय. पैसे घालायचे ते पुडीत. बाकीचं घरात पडलेलं असतं.

भांड्याचं बघू. जाडसर कॉफी गार पाण्यात रात्रभर भिजवायची आणि गाळायची, एवढंच तर काम. त्याला काचेची बरणी पुरते. फक्त लोणच्याची घेऊ नका, काच धुतली जाते पण झाकणाचा वास हटत नाही. १०० ग्रॅम पुडीला ८०० मिली पाणी. आधी चहाच्या गाळणीतून, मग चक्का टांगायच्या फडक्यातून गाळायचं. फडकं पिळायचं नाही, पिळलं की गाळ खाली उतरतो. पूड दुपटीएवढं पाणी पिऊन बसते, त्यामुळे हाती सहाशे मिलीच्या आसपास येतं. हा अर्क असतो, पिताना त्यात तेवढंच पाणी किंवा दूध घालायचं.

आता 'घरात असेल ती पूड'. ह्या वाक्यानं माझं एक पाकीट वाया गेलंय. घरात फिल्टर कॉफीची बारीक पूड होती, तीच भिजवली. सकाळी फडक्यात ओतली तर थेंब पडेना. अर्ध्या तासानं पातेल्यात काळाकुट्ट, बुळबुळीत रस जमला. आई डोकावून म्हणाली, "काय रे, कुणाला बरं नाही? काढा कुणासाठी करालास?" पाकीट उलटून बघितलं: कॉफी ५३ टक्के, चिकोरी ४७. आपल्याकडच्या नियमानं अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असली की झालं, आणि दोन्हीचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. त्यात कॅफिन नसतं, पण पाण्यात ती कॉफीपेक्षा कितीतरी जास्त उतरते. गरम दुधात ती शोभते, दाटपणा देते. रात्रभर भिजली की मात्र नुसता कडू काढा. इन्स्टंटचा तर प्रश्नच नाही, ती आधीच काढून वाळवलेली कॉफी; विरघळते, भिजत नाही.

म्हणून चिकोरीविरहित पूड घ्या. चिकमंगळूर, कूर्गची कॉफी भाजून विकणारे मागणीप्रमाणे जाडसर दळूनही देतात, मग ग्राइंडरचा खर्चच उरत नाही. बिया आणल्या असतील तर मिक्सरला दोन-तीन झटके द्या आणि थांबा. उप्पिटाचा रवा नको, लापशीचा हवा. खाली बारीक भुगा पडतोच, तो चाळून टाका. ग्राइंडरनं दळ एकसारखा होतो, ही यादीतली एक गोष्ट खरी. पण ती नंतरची चैन.

पाणी घरच्या फिल्टरचं चालतं. जड बोअरचं तेवढं टाळा.

जास्त तासांचं म्हणाल तर बारा ते अठरा पुरे. पुढे कडवटपणाच वाढतो. आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात बरणी ओट्यावर नको, फ्रीजमध्येच ठेवा.

आम्लाचा दावा मात्र मला खटकतो, कारण तो वाचून कुणीतरी खरंच उपाशीपोटी पिणार. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गरम आणि गार, दोन्ही कॉफींचा पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप, जवळपास सारखाच, पाचच्या आसपास आला. गरम कॉफीत एकूण आम्लं जास्त उतरतात, हे त्यात दिसलं, म्हणून गार कॉफी जिभेला मऊ लागत असावी. पण 'आम्ल नसतं' हे साफ चूक. शिवाय कॅफिन आहेच, अर्क पाणी न घालता प्यायलात तर भरपूरच.

राहिलं सिरप. साखर गार कॉफीत तळाशी बसते, हे खरं. पण कोल्हापुरात बसून व्हॅनिला सिरप मागवायचं? गुऱ्हाळावरची काकवी आणा. एका ग्लासाला चमचाभर, ढवळली की मिसळते. आमच्याकडे तिची बाटली आता फ्रीजमध्ये अर्काशेजारीच असते, आणि कॉफीच्या फडक्याला आईनं गाठ मारून ठेवलीय, चुकून श्रीखंडाला जाऊ नये म्हणून.