‘५२’ म्हणजे १९५२ नव्हे

कोल्हापुरात जुनी अवजारं जमवणाऱ्यांत एक मेसेज फिरतोय: ‘रेकॉर्ड’ कंपनीच्या सुतारी वाईसवर (लाकूड पकडायच्या शिकंज्यावर) ‘५२’ असेल तर तो १९५२ सालचा, म्हणून जादा पैसे मोजा. हे साफ चूक आहे. इंग्लंडातल्या शेफिल्डच्या या वाईसवरचा आकडा मॉडेलचा. ५२ चा जबडा ७ इंची, ५२½ चा ९, ५३ चा १०½. साडेबावन्न हे साल कसं असेल? आकडा पॅटर्नमधूनच (साचा ज्यावरून बनतो त्या नमुन्यातून) ओतकामात उतरतो, म्हणून वर्षानुवर्षं तोच राहतो. उद्यमनगरातल्या फौंड्रीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

घेताना अर्धा नट, म्हणजे स्क्रूच्या आट्यांना धरणारा तुकडा, तपासा. खटका दाबून जबडा सरकवा, सोडून आवळा. घसरला तर आटे झिजलेत. ताज्या रंगाखाली तडाही लपलेला असतो. वायर ब्रश मारू देत नसतील, तर कृपया पैसे देऊ नका.