फुकटच्या लोकरीचा भाव

"आमच्या गावाकडे हे फुकट मिळतं," असं म्हणून काकांनी पुड्यात बोटं घातली आणि माझ्या पिंजलेल्या लोकरीतला चांगला मूठभर ऐवज उपसला. दुसऱ्या हातात मोसंबीच्या रसाचा थंडगार, घामेजलेला ग्लास. प्रदर्शनात हात पुसायची पद्धत नसावी.

पुड्यावर ठळक लिहिलं होतं: दख्खनी मेंढी, काळी, जावळ, १०० ग्रॅम, टकळीवर कातण्यासाठी. कोकराचंही जावळ काढतात आणि दख्खनीत मऊ म्हणावी अशी लोकर तेवढीच. पुढच्या कातरणीपासून सगळा खरखरीत मामला. मेरिनो या परदेशी मेंढीचा तंतू साधारण २० मायक्रॉन जाडीचा, आपला तिशीच्या पुढे. म्हणून त्याची घोंगडी होते, बाळाचं टोपडं होत नाही. हेही मी लिहिलं होतं. कोण वाचतंय!

"वास मारतोय, ताई."
"मेंढीचा आहे, काका."
"धुतली नाहीत?"

धुतली नाहीत! आधी पोटाखालची नि शेपटाकडची लेंड्या चिकटलेली लोकर काढून टाका. मग गोखरू आणि कुसळं वेचा. कातरणाऱ्याने एकाच जागी दोनदा कात्री चालवली असेल तर बारीक तुकडे पडतात, तेही झटकायचे, नाहीतर सुतात गाठी येतात. मग ६० अंशांच्या पाण्यात रिठा, त्यात लोकर नुसती दाबून ठेवायची, वीसेक मिनिटं. ढवळायची नाही, चोळायची नाही, वरून नळ सोडायचा नाही. पाणी निवण्याआधी बाहेर काढायची, कारण निवलं की सुटलेला मेद परत तंतूंवर बसतो. पुढचं पाणीही तितकंच गरम. मग सावलीत वाळवा, पिंजा, कातायला पेळू म्हणजे सैल वळ्या करा. किलोभर कच्च्या लोकरीतून सहाशे ग्रॅम हाती लागली तर नशीब. उरलेला मळ मोरीत जातो, आणि मोरी तुंबली की घरच्यांची लोकरीबद्दलची मतं कळतात.

हे सगळं मी सांगत असताना काका ओल्या तळव्यांत लोकर घोळवत होते. मन लावून, देवळात वाती वळाव्यात तशी. ओल, ऊब आणि घासणं, तीन्ही गोष्टी एकत्र आल्या की लोकरीच्या तंतूवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. म्हणून तर पाण्यात हात फिरवायचा नसतो! काकांनी तळवा उघडला. आत लिंबाएवढा घट्ट गोळा.

"हे बघा. गोळा झाला. मिक्स आहे यात काहीतरी."

"काका, नायलॉन मिसळलं असतं तर इतका घट्ट झाला नसता. शुद्ध आहे म्हणूनच झाला."

"म्हणजे शुद्ध माल खराब होतो?"

मागच्या दोन बायकांनी माना डोलावल्या. एकीने पुडा खाली ठेवला.

आणि राग कशाचा, तर काकांचं पहिलं वाक्य खरंच होतं. गावाकडे फुकट मिळते! मेंढी वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर देते, ती काढायला कातरणाऱ्याला मजुरी द्यावी लागते आणि घ्यायला व्यापारी फिरकत नाही. काढली नाही तर मेंढीला उन्हाळा सोसत नाही. म्हणून धनगर पदरचे पैसे घालून कातरतो आणि लोकर बांधावर टाकून पुढच्या गावाला जातो. चिंचोक्याची खळ लावून घोंगडी विणणारे सनगर कमी झाले, तसं गिऱ्हाईकच उरलं नाही. शहरात मात्र 'नॅचरल' म्हणत परदेशी मेरिनो मागवतात, कुरकुर न करता. धनगराला किलोमागे चार पैसे द्यायचे म्हणून मी भाव लावला की सगळ्यांना एकदम आपापलं गाव आठवतं.

"कसर लागते का याला?" काकांची चौकशी संपली नव्हती.
"लागते. कडुलिंबाचा पाला ठेवा आणि अधूनमधून उन्हात झटका."
"म्हणजे एवढे पैसे देऊन वर सांभाळायचं पण आम्हीच."

एवढं बोलून त्यांनी गोळा खिशात घातला. नातवाला होईल म्हणे खेळायला.

"काका, त्याचे दहा रुपये."
"कसले? लोकर फुकटची आणि गोळा मी वळला!"