म्हणे सांगलीत घरं स्वस्त!

परवा पुण्यात वाकडला मावसभावाच्या मुलीचं बारसं होतं. जेवताना शेजारी त्याचे सासरे बसले होते. मी सांगलीचा म्हटल्यावर गृहस्थ एकदम हळवे झाले. "तुमचं बरं आहे हो. पंधरा-वीस लाखांत ऐसपैस घर, पुढं अंगण, मागं परसदार. इथं आमच्या पोरांचं आयुष्य हप्ते फेडण्यात चाललंय." तोंडात जिलेबी होती आणि घर दुसऱ्याचं होतं, म्हणून गप्प बसलो. आता गप्प बसवत नाही.

काका, कुठल्या सालची सांगली बघून आलाय तुम्ही?

गेले आठ महिने मी दर रविवारी घरं बघत फिरतोय. विश्रामबाग, वानलेसवाडी, कुपवाड रोड, मिरजेकडची बाजू, एक एजंट सोडला नाही. विश्रामबागेत नव्या इमारतीत दोन बेडरूमचा फ्लॅट, भाव सांगितला ४४ लाख ९० हजार. मी म्हटलं, पंचेचाळीसच म्हणा की ओ. तर एजंट डोळा मारून म्हणतो, "पंचेचाळीसच्या आत बसवलाय साहेब. परवडणाऱ्या घरांत येतंय, जीएसटी एकच टक्का."

परवडणारं घर! हा त्याचा विनोद नाही बरं का, सरकारी व्याख्या आहे. एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या घराला जीएसटी पाच टक्के, आणि 'परवडणाऱ्या' घराला एक टक्का. परवडणारं म्हणजे किंमत ४५ लाखांपर्यंत, मग मुंबई असो नाहीतर सांगली. मोठ्या महानगरांत ६० चौरस मीटरपर्यंतचं घर चालतं, आमच्यासारख्या गावांत ९० पर्यंत. म्हणजे गावागणिक जागा बदलते हे दिल्लीत कळलं. गावागणिक पगारही बदलतो, ते कळायचं राहूनच गेलं.

तर पगार सांगतो, लाज कसली त्यात. कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत चौदा वर्षं अकाउंट्स बघतो. नावाला अकाउंट्स, डिस्पॅच, पीएफ, मालकाच्या गाडीचा विमा, सगळं माझ्याच टेबलावर. हातात २७ हजार येतात. बायको इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवते, तिला १२ हजार, आणि मे महिन्याचा पगार शाळा देत नाही. पोरं मे महिन्यात शिकत नाहीत ना! बाई मे महिन्यात जेवते, हे संस्थेला कोण सांगणार? दोघांचं मिळून वर्षाला ४ लाख ५६ हजार होतात.

आता भागाकार करा. पंचेचाळीस लाख भागिले ही कमाई, म्हणजे जवळजवळ दहा वर्षं. दहा वर्षं आम्ही चौघांनी जेवायचं नाही, आईच्या बीपीच्या गोळ्या बंद, पोराची फी बंद, तेव्हा कुठं किल्ली हातात. आणि ज्याच्या मुलीचं बारसं जेवलो त्या मावसभावाचं बघू. नवरा-बायको दोघं हिंजवडीत, मिळून महिना एक लाख नव्वद हजार. फ्लॅट ९५ लाखांचा. चार वर्षं आणि दोन महिने. आता सांगा काका, महाग घर कुणाचं?

लोक किंमत किमतीशी ताडून बघतात. पुण्यात ९५, सांगलीत ४५, म्हणजे सांगली निम्म्यात पडली, जितं मया. अरे पण आमची दोघांची कमाई निम्मी नाहीये, जेमतेम पाचवा हिस्सा आहे!

मग म्हणतील, तिकडं राहण्याचा खर्च कमी. आहे ना, कबूल. मेथीची पेंडी स्वस्त, दूध बरं मिळतं, रविवारी भडंग खाऊन पिक्चर बघितला तरी पाचशेची नोट मोडत नाही. धरा, पुण्यापेक्षा महिन्याला दोन हजार वाचतात. दोन हजारांनी पंचेचाळीस लाख साठायला एकशे सत्त्याऐंशी वर्षं लागतात. मेथी खाऊन तेवढा जगलो तर पेढे वाटीन.

बाकी काय स्वस्त आहे? सिमेंटच्या पोत्याला कुपवाडात वेगळा कर लागतो का? सळी, टाइल्स, वायर, गॅसचा सिलिंडर, मोबाइलचा रिचार्ज, औषधाच्या पाकिटावरची छापील किंमत, कुठंही सांगली म्हणून सूट नाही. दस्ताची नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. म्हणजे ३० लाखांच्या घराला ३० हजार आणि पुण्यातल्या तीन कोटींच्या घरालाही ३० हजारच. छान. त्याला तेवढ्यात एक डायनिंग टेबल येत नाही, माझा महिन्याचा पगार संपून वर उधारी.

एक गोष्ट मात्र खरंच स्वस्त आहे, भाडं. आणि घोळ तिथंच आहे. मिरजेला आमचे एक शेजारी रेल्वेत आहेत, त्यांनी समजावलं. सातव्या वेतन आयोगात घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग. पुणे एक्स, सांगली वाय, सातारा झेड. महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर गेल्यापासून मूळ पगाराच्या ३०, २० आणि १० टक्के. साताऱ्याहून पुण्याला बदली झाली की भत्ता तिप्पट. भाड्यापुरतं हे गणित चुकीचं नाही. भाडं द्यायचं असतं इथल्याच पगारातून, त्यामुळं ते इथल्या पगाराबाहेर जाऊच शकत नाही. ज्या फ्लॅटचे ४५ लाख सांगतात, तसलाच शेजारच्या बिल्डिंगमध्ये ११ हजार भाड्यानं मिळतोय. वर्षाचे १ लाख ३२ हजार. पंचेचाळीस लाखांवर तीन टक्केसुद्धा सुटत नाहीत! बँकेत ठेवले तर दुप्पट मिळतील. मग घेणारा घेतो कशाला?

कारण त्याला राहायचंच नसतं. विश्रामबागेतल्या त्या शेजारच्या इमारतीत सोळा फ्लॅट. रात्री साडेआठला खाली उभा राहून मी खिडक्या मोजल्या. सहात दिवे होते. वॉचमन म्हणाला, दोन पुण्याचे, एक दुबईचा, एक मिरजेच्या डॉक्टरांचा, एक तासगावच्या बागायतदारांनी पोरासाठी घेऊन ठेवलेला, बाकीचे "येत्यात दिवाळीला". दिवाळीला येत्यात! वर्षातून चार दिवस कंदील लावायला माझी दहा वर्षांची कमाई कुलूपबंद.

त्या लोकांवर राग आहे का? आहेही आणि नाहीही. वालचंद कॉलेजमधून पोरगं शिकून बाहेर पडतं, इथं त्याला जॉबवर्कच्या शेडमध्ये अठरा हजार दाखवतात. ते पुण्याला जाणार नाही तर काय करणार? गेलं, कमावलं, गावात आईबापाजवळ एक घर असावं असं वाटलं, यात त्याचा काय गुन्हा. पण तो भाव करतो तो हिंजवडीच्या पगारावर, आणि बिल्डर तोच भाव मला सांगतो. वर ऐकवतो, "घ्यायचं तर घ्या, पार्टी रांगेत आहे." भाड्याला मी गिऱ्हाईक, विकत घेताना मी नुसता चहा पिऊन जाणारा.

बँकेची कथा तर वेगळीच. पंचेचाळीसच्या ऐंशी टक्के कर्ज म्हणजे ३६ लाख, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं, हप्ता ३१ हजार. माझा पगार किती सांगितला होता? तर ते विसरायचं. साहेबांनी विचारलं, मिसेसची सॅलरी स्लिप? नाही. शाळा रोखीत देते, एका वहीवर सही घेते. मग ते उत्पन्न धरता येत नाही. उरले माझे २७ हजार, त्यातला निम्मा हप्त्याला, म्हणजे कर्ज साडेपंधरा लाख. वरचे एकोणतीस लाख "तुमचं कॉन्ट्रिब्युशन". एवढे असते तर, साहेब, तुमच्यासमोर पॅनकार्डाच्या झेरॉक्सवर सह्या करत बसलो असतो का? शिवाय मुद्रांक शुल्क. बायकोच्या नावावर घेतलं की एक टक्का सवलत, तरी दोन लाखांच्या वर. आमच्या हिला ते ऐकून इतकं हसू आलं. म्हणाली, पगार धरत नाहीत आणि नाव मात्र चालतंय.

जुनं घ्यावं म्हटलं. एक रीसेलचा बघितला, ३८ लाख. मालकाचा पहिलाच प्रश्न, "दस्त कितीचा करायचा?" अठ्ठावीसचा दस्त, दहा रोख. बँक कर्ज देणार दस्तावर, म्हणजे ते दहा लाख पिशवीत घालून न्यायचे. जागा किती, तर ९०० स्क्वेअर फूट. मी टेप घेऊनच गेलो होतो. आत भरलं ६३० च्या आसपास. बाकीचे? जिना, लिफ्ट, गच्चीचा वाटा. नव्या प्रकल्पात कार्पेटवरच, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेवरच विकायचं, असा रेरा कायदा येऊनही इतकी वर्षं झाली. एजंटांच्या तोंडातला 'सेलेबल' काही जात नाही. जिन्यात काय गादी टाकून झोपायचं?

कुणी म्हणेल गुंठा घे आणि बांध. सांगलीकराला गुंठेवारी, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेले तुकडे, शिकवू नका. ती नियमित करायचा कायदा २००१ सालचा, आणि अजून आमच्या ओळखीतली माणसं फायली घेऊन हेलपाटे घालताहेत. एनए, म्हणजे बिगरशेती नाही म्हणून बँक दारात उभी करत नाही, सातबाऱ्यावर बारा नावं, पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन घरी जायचं.

आणि आमच्या गावाला वरून एक खास कर लागतो, कृष्णामाईच्या पुराचा. २००५, २०१९, २०२१. आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका; २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं. आम्ही तेव्हा मारुती चौकाजवळ तळमजल्यावर भाड्यानं होतो. फ्रिज माळ्यावर चढवता चढवता पाणी उंबऱ्यात आलं. तेव्हापासून ज्याला त्याला कोरडी जागा पाहिजे, आणि कोरडी जागा आहे तेवढीच आहे. विश्रामबाग, वानलेसवाडी, मिरज, कुपवाड. पुण्याचा पैसाही तिथंच, पुरातून पळालेला आमच्यासारखा माणूसही तिथंच, मग भाव खाली कशाला येईल?

म्हणून एजंट आता मला दुसऱ्या बाजूला नेतात. गेल्या रविवारी एकानं नदीकडच्या अंगाला एक बिल्डिंग दाखवली. २९ लाख. "इथं पाणी येत नाही." मी खालच्या जिन्यात उभा राहिलो. भिंतीला नवा रंग, पण फक्त माझ्या खांद्यापर्यंत. त्याच्या वर जुना पिवळट चुना तसाच. नवा आणि जुना जिथं मिळतात तिथं ओलीची एक आडवी तपकिरी रेघ, भिंतभर, मीटरच्या पेटीखालून पलीकडं गेलेली. नखानं खरवडली तर खाली रेतीसारखा गाळ निघाला. मी बोट त्याच्यासमोर धरलं.

पठ्ठ्या जरा गडबडला, मग म्हणाला, "ते खालीच येतंय ओ साहेब. तुमचा तिसरा मजला. तुमच्या घरात येतच नाही."

मी म्हटलं, बरं. आणि पुरात माझी गाडी कुठं लावायची?

तर म्हणतो, "पार्किंगचे दोन लाख वेगळे."